दुकान वाढवलं

काचवाल्यांच्या घरात काही फुटत नाही. हातातून निसटून तुकडे तुकडे झालेली बरणीसुद्धा ‘वाढते’. साखर संपत नाही, वाढते. तेल वाढतं, पीठ वाढतं, महिन्याच्या शेवटी तर घरात सगळंच वाढलेलं असतं. दिवा मालवायचा नाही, मोठा करायचा. फुटलं, संपलं, बंद पडलं, मेलं हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत, कारण काच ऐकते. भट्टीवर लालबुंद असलेल्या काचेच्या कानावर असला शब्द गेला की ती तडकते म्हणतात. कोण म्हणतं? तेच म्हणतात. दुसरं कोण मरायला जातंय भट्टीजवळ!

नळी याच घरातली. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे, बाकी सगळीकडे नळीच. जन्मली तेव्हा बापाच्या हातातल्या काचेच्या नळीएवढीच होती, असं आत्या सांगते. आत्याला सगळं वाढवून सांगायची सवय आहे, आणि इथे वाढवून म्हणजे खरोखरच वाढवून.

या बोलण्याने बाहेर घोळ व्हायचेच. लहानपणी नळीने वर्गात सांगितलं, ‘आमच्याकडे साखर वाढली.’ बाईंना बिचाऱ्यांना काळजी वाटली, त्यांनी बाबांसाठी पथ्याचा कागद पाठवला. बाबांनी तो शेवटपर्यंत वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, ‘बाई चांगल्या आहेत.’ साखर आणायचं मात्र राहूनच गेलं.

बाबा पाट्यांची अक्षरं करायचे. जाळावर काचेची नळी धरायची, मऊ झाली की फुंकर घालत घालत वाकवायची, तिच्यात वायू भरायचा आणि वीज सोडायची, की औषधांच्या दुकानाचं नाव हिरवं आणि खानावळीचं लाल पेटायचं. अर्ध्या बाजाराची नावं बाबांच्या फुंकरीतून निघालेली. मग प्लास्टिकच्या पट्टीवरचे बारके दिवे आले, स्वस्त, कात्रीने कापून कुणीही चिकटवावेत असे. गिऱ्हाईक आटलं. एक दिवस बाबा दुपारीच घरी आले, हात धुतले आणि म्हणाले, ‘दुकान वाढवलं.’ आत्या पोळपाटावरून उठली नाही. नळीने ताट घेतलं. एवढ्यावर तो विषय मिटला. आता बाबा एका वाहनतळावर पावत्या देतात.

आईचंही असंच. आई आजारी पडली तेव्हा नळी नऊ वर्षांची होती. तिला आत्याकडे पाठवून दिलं. तेव्हा आत्या दुसऱ्या गावात राहायची. परत आणलं तेव्हा बाबांनी दारातच सांगितलं, ‘आई पुढे गेली.’ पुढे गेली म्हणजे आपणही मागून जायचं असणार, असं समजून नळीने दप्तरात दोन फ्रॉक भरले आणि दारात जाऊन बसली. संध्याकाळी, सोबत आलेल्या आत्याने ते दप्तर रिकामं केलं. त्यानंतर घरात आईबद्दल कुणी अक्षर काढलं नाही. काढणार कसं? शब्दच नव्हता घरात.

तर अशी ही नळी बारावीला विज्ञानात चांगल्या गुणांनी पास झाली आणि घरावर मोठंच संकट आलं. तिला रसायनशास्त्र शिकायचं होतं. दुसऱ्या शहरातल्या कॉलेजने तिला प्रवेशही देऊ केला होता, फक्त महिनाअखेरपर्यंत फी आणि वसतिगृहाची सोय करायची होती. नाही झाली तर आत्या ज्या बाटल्यांच्या कारखान्यात पॅकिंगला होती तिथे एक जागा रिकामी होती. आत्याने नळीच्या मापाचा एप्रन आणूनही ठेवला होता. ‘अगं, घालायचाच असं नाही,’ आत्या म्हणाली, ‘असू दे आपला.’ तो एप्रन खिळ्याला लटकत होता आणि नळी येता-जाता त्याच्याकडे बघायचं टाळत होती.

काचवाल्यांतून कॉलेजात कुणी गेलेलं नव्हतं. म्हणजे एक चुलतकाका गेला होता, खिडक्यांना काचा बसवायला. शहरात त्यांची घरंच मूठभर. सरकारी यादीत त्यांचं नाव नाही, कारण यादी करणारे आले तेव्हा हे लोक दुसरीकडे पाट्या लावत होते. नळी कुठल्याही अर्जात ‘समाज’ या रकान्यापाशी आली की खाली खाली जायची, आणि सगळ्यात तळाला ‘इतर’ लिहिलेलं असायचं. ती इतर होती. आता तिला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. यादीत शेवटी का होईना, जागा ठेवली होती.

शाळेच्या ग्रंथपालबाईंनी मात्र पदर खोचला. ग्रंथालयात एकच संगणक होता आणि तो चालू होताना अशी घरघर करायचा की वाचणारी पोरं वर बघायची. त्याच्यासमोर दोघी बसल्या आणि शिष्यवृत्त्या शोधायला लागल्या. जगात शिष्यवृत्त्या किती प्रकारच्या असतात ते नळीला तेव्हा कळलं. डावखुऱ्यांसाठी होती. जुळ्यांसाठी होती, दोघांनीही अर्ज केला तर. खलाशांच्या नातवंडांसाठी होती.

‘तुझे आजोबा कधी बोटीवर गेले होते का गं?’ बाईंनी विचारलं.

‘नाही हो बाई. आजोबांना पाण्याचीच भीती वाटायची.’

‘जाऊ दे मग.’

एक शिष्यवृत्ती तर नळीसाठीच काढल्यासारखी होती: ज्या समाजातून आजवर एकही पदवीधर झालेला नाही, अशा समाजातल्या विद्यार्थ्यासाठी. बाई खुर्चीतून जवळजवळ उठल्याच. मग खाली सोबत जोडायचे कागद वाचले. वरील बाब खरी असल्याबद्दल त्याच समाजातल्या दोन पदवीधरांच्या सह्या हव्या होत्या. बाई परत बसल्या. त्यांनी तिथल्या कार्यालयात फोन लावून हे समजावून सांगायचा प्रयत्न केला. पलीकडच्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘एकाचीही चालेल.’

शेवटी एक सापडली. एका जुन्या विश्वस्त निधीची, ‘उच्च शिक्षणात ज्यांचं प्रतिनिधित्व कमी आहे अशा समाजांसाठी’, फी आणि वसतिगृह दोन्ही धरून. यादी नाही, पदवीधरांच्या सह्या नाहीत. फक्त त्यांचा माणूस घरी येऊन परिस्थिती बघून जाणार होता.

‘बघू दे की,’ बाई म्हणाल्या. ‘परिस्थिती तर तुझी फर्स्ट क्लास आहे.’

बाईंना ‘हलाखीची’ म्हणायचं होतं. पण नळीला समजलं.

पाहणीला आलेले साहेब वयाने नळीपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठे. नवे कोरे बूट, हातात पाटी आणि पाटीला चिमट्याने लावलेले कागद. नोकरीला लागून फार दिवस झाले नसावेत, कारण ते बूट दाराबाहेर काढून आत आले आणि मग सारखे दाराकडे बघत होते. बाबांनी त्यांना घरातली धड खुर्ची दिली आणि स्वतः पेटीवर बसले. आत्याने शेजारून साखर आणली आणि चहा गोड मिट्ट केला. पाहुण्याला फिका चहा द्यायचा म्हणजे काय! घराची काही अब्रू आहे की नाही?

साहेबांनी पेन काढलं. ‘तुमचा धंदा काय?’

‘पाट्यांचं दुकान होतं,’ बाबा म्हणाले.

‘मग आता?’

‘वाढवलं.’

‘अरे वा.’ साहेबांनी लिहिलं. ‘कधी?’

‘झाला की काळ. अगोदर भट्टी वाढवली, मग दुकानच वाढवलं.’

‘कामगार किती?’

‘दोघं होते. त्यांना मोठं केलं.’

साहेबांनी मान डोलावली. त्यांना हा माणूस आवडायला लागला होता. ‘विजेचा खर्च वगैरे?’

‘कसला खर्च! अंधार पडला की थोड्या वेळात दिवे मोठे करतो आम्ही.’

तेही लिहिलं गेलं. नळी दाराशी उभी राहून ऐकत होती. तिला काही म्हणजे काही खटकलं नाही. खटकावं कसं? जन्मापासून कानावर पडलेलं बोलणं ते. उलट बाबा किती नीट, नेमकी उत्तरं देतायत याचं तिला कौतुक वाटलं. बाबांना सवय नव्हती ना साहेबांसमोर बोलायची.

‘आणि हिच्या आई?’

बाबांनी चहाची बशी खाली ठेवली. ‘ती पुढे गेली.’

‘पुढे म्हणजे कुठे?’

बाबांनी बोट छताकडे केलं. ‘वर.’

साहेब छताकडे बघून थोडं थांबले आणि मग त्यांनी एक पूर्ण ओळ लिहिली. निघताना त्यांनी बाबांशी हात मिळवला. म्हणाले, ‘काका, तुमच्यासारखे कष्टाने वर आलेले लोक भेटले की बरं वाटतं.’ बाबा रात्री जेवेपर्यंत खुश होते.

आठवड्याने निधीचं पत्र आलं. कुटुंबाच्या व्यवसायाचा विस्तार झालेला आहे. कामगारांना बढती देण्यात आली आहे. घरात मोठ्या दिव्यांचा वापर आहे. पाहुणचारात साखर मुबलक. अर्जदाराच्या आई वरच्या हुद्द्यावर असून त्यांचं उत्पन्न अर्जात दाखवलेलं नाही. त्यांचं वेतनपत्र मागवण्यात येत आहे. सबब अर्ज नामंजूर.

नळीने पत्र तीनदा वाचलं. तिला हसू आलं नाही आणि रडूही आलं नाही. ते पत्र तसंच घेऊन ती ग्रंथपालबाईंकडे गेली.

बाईंनी वाचलं. चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला आणि परत वाचलं. ‘नळे,’ त्या हळूच म्हणाल्या, ‘तुझ्या बाबांनी त्याला काय सांगितलं नेमकं?’

नळीने शब्दन् शब्द सांगितला. सांगता सांगता ते तिला पहिल्यांदा बाहेरच्या माणसाच्या कानांनी ऐकू आलं. ‘दुकान वाढवलं’ म्हणताना ती मध्येच थांबली.

‘अय्या,’ ती म्हणाली.

‘हं,’ बाई म्हणाल्या. ‘अय्याच.’

पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात होतं, की हरकत असल्यास पालकांनी समितीपुढे स्वतः हजर राहून आपलं म्हणणं तोंडी मांडावं. अर्जदाराने मध्ये बोलू नये. बाईंनी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढली. ‘तोंडी मांडायचंय, आणि साध्या शब्दांत. बंद पडलं म्हणजे बंद पडलं. जमेल ना गं त्यांना?’

नळीने पत्राची घडी घातली.

घरी सांगितलं तेव्हा बाबांना आधी वाटलं, साहेबांचा गैरसमज झाला असेल तर आपण जाऊन समजावून सांगू. त्यात काय एवढं! ‘सांगेन की मी. दुकान वाढवलं म्हणजे...’

‘म्हणजे काय?’ आत्याने विचारलं.

‘म्हणजे वाढवलं.’

आत्याने कपाळावर हात मारून घेतला. ती बाबांची थोरली बहीण. कारखान्यात चार जातींच्या बायकांत राहून तिची जीभ थोडी सैल झालेली होती. ‘अरे बाळ्या, त्या लोकांना कळत नाही ते! बंद पडलं म्हण.’

‘आक्का!’ बाबांनी पूर्वी घरातली भट्टी असायची त्या कोपऱ्याकडे बघितलं.

‘काय बघतोस तिकडे? आता कुठेय काच? कोण ऐकतंय? ती ऐकायची तेव्हा ऐकायची.’

‘काचेचं नाही गं. माझं तोंडच ऐकत नाही.’

आणि खरंच ऐकत नव्हतं. रोज संध्याकाळी आत्या त्यांना समोर बसवायची. म्हण, दुकान बंद पडलं. बाबा घसा खाकरायचे, ‘दुकान’पर्यंत सुरळीत यायचे आणि पुढे त्यांचे ओठ नुसते मिटायचे. एकदा ‘ब’ आला. दोघींनी श्वास रोखला. बाबा म्हणाले, ‘बराच काळ झाला.’ आत्या उठून आत गेली.

नळीला संताप यायचा. महिनाअखेर जवळ येत होती, खिळ्यावर एप्रन होता आणि इथे तिचा बाप, चांगला धडधाकट माणूस, एका शब्दापुढे हात टेकून बसला होता. एकदा ती ओरडलीच, ‘एवढं साधं बोलता येत नाही तुम्हाला बाबा? माझ्यासाठीसुद्धा?’ बाबांनी खाली मान घातली. मग तिला आपल्या ओरडण्याचीच लाज वाटली, आणि तरी राग काही कमी झाला नाही.

शेवटी युक्ती आत्याला सुचली. आपल्याबद्दल बोलवत नाही ना, मग दुसऱ्याबद्दल बोल. समोरच्या घरी एक स्कूटर होती, ती रोज सकाळी बंद पडायची आणि तिचा मालक रोज तिला लाथा घालायचा. आत्याने बाबांना खिडकीशी उभं केलं. ‘काय झालं त्या गाडीला?’

बाबांनी बराच वेळ बघितलं. स्कूटर त्यांची नव्हती. मालकाशी त्यांचं फारसं सख्यही नव्हतं. ‘बंद पडली,’ ते म्हणाले.

आत्याने टाळी वाजवली. बाबांनी हळूच सगळीकडे बघितलं. कुठे काही तडकलं नव्हतं. ‘बंद पडली,’ ते पुन्हा म्हणाले. मग चटकच लागली. घड्याळ बंद पडलं, नळ बंद पडला, नाक्यावरचं चपलांचं दुकान बंद पडलं. चपलांचं दुकान चांगलं चालू होतं, पण आत्या म्हणाली, असू दे, सराव होतोय. समितीच्या आदल्या दिवशी बाबांनी भिंतीकडे तोंड करून, हळू पण स्पष्ट आवाजात स्वतःच्या दुकानाचं नाव घेतलं आणि वाक्य पुरं केलं. नळीने एप्रन खिळ्यावरून काढून आत्याच्या ट्रंकेत टाकला.

आईच्या वाक्याचा सराव कुणी घेतला नाही. आत्या त्या जागी आली की पदर सावरत उठायची आणि नळी पाणी प्यायला जायची. ते वाक्य येणार हे तिघांनाही माहीत होतं.

समितीची खोली पहिल्या मजल्यावर होती. लांब टेबल, टेबलावर काच, काचेखाली जुनी कॅलेंडरं. बाबांनी सवयीने आधी काचेची कड बघितली. मधोमध अध्यक्षबाई बसल्या होत्या, पांढरे केस बारीक कापलेले, बोलणं तुटक. त्यांच्या उजवीकडे एक निवृत्त प्राचार्य होते, ते डोळे मिटून ऐकत होते किंवा ऐकत नव्हते. डावीकडे पाहणीचे तेच साहेब. त्यांनी बाबांना ओळखून नमस्कार केला.

‘बसा,’ अध्यक्षबाई म्हणाल्या. ‘मुलीने मध्ये बोलायचं नाही. तुमचं दुकान आहे ना?’

बाबा बसले नाहीत. ‘होतं,’ ते म्हणाले.

‘मग काय झालं त्याचं?’

नळीने हाताच्या मुठी इतक्या आवळल्या की नखं रुतली. बाबांनी घसा खाकरला.

‘दुकान बंद पडलं,’ बाबा म्हणाले.

स्वच्छ, एका दमात. आणि एकदा तोंड उघडलं म्हटल्यावर मग काय, बूच निघाल्यासारखं झालं. ‘भट्टी विकली. कामगारांना काढून टाकलं, दोघांनाही. आम्ही दिवे मोठे करतो म्हणजे विझवतो, बिल येतं म्हणून. आणि साहेब,’ ते पाहणीच्या साहेबांकडे वळले, ‘तुमच्या चहातली साखर शेजारच्यांची होती. आमची वाढली... संपली होती.’

साहेबांचा चेहरा पडला. ‘मला वाटलं,’ ते म्हणाले, ‘म्हणजे मी तुमच्याच शब्दांत लिहिलं हो काका.’

‘ते खरंच आहे,’ बाबा म्हणाले. ‘शब्द माझेच होते.’

अध्यक्षबाईंनी कागदावर तीन ठिकाणी काट मारली आणि पान उलटलं. ‘ठीक. आता आईंचं. वरच्या हुद्द्यावर आहेत असं लिहिलंय. वेतनपत्र आणलंय का?’

खोलीत पंखा फिरत होता. बाबांनी टेबलाच्या काचेकडे बघितलं, मग खिडकीच्या काचेकडे. नळीला तोंड उघडायचं होतं. तिला ते शब्द येत होते, दहा पुस्तकांत वाचलेले: निधन, मृत्यू, स्वर्गवास. ती अर्धवट उठलीसुद्धा. बाबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. त्यांचे ओठ एकदा मिटले, दुसऱ्यांदा मिटले. मग त्यांना नव्याने आलेला तो एकच शब्द त्यांनी पुढे केला.

‘ती बंद पडली,’ बाबा म्हणाले.

कुणी हसलं नाही. खरं तर हसण्यासारखंच होतं. प्राचार्यांनी डोळे उघडले. पाहणीचे साहेब आपल्या बुटांकडे बघत राहिले. बाबा तसेच उभे होते, परीक्षेत उत्तर दिलेल्या मुलासारखे, बरोबर आलं की चुकलं ते कळायची वाट बघत. नळी पोटभर रडली, नाक पुसायला रुमाल नव्हता तर ओढणीने पुसत.

अध्यक्षबाईंनी पेन खाली ठेवलं. ‘किती वर्षं झाली?’

‘हिला तेव्हा दुधाचे दात होते काही,’ बाबा म्हणाले.

‘वेतनपत्राच्या जागी काय लिहू, मॅडम?’ साहेबांनी अगदी हळू विचारलं.

‘रेघ मारा.’ मग त्यांनी प्राचार्यांकडे बघितलं, प्राचार्यांनी मान हलवली, आणि अध्यक्षबाईंनी सही केली. ‘मंजूर. कॉलेजला आजच कळवतो. मुली, चांगली शीक हं.’ आणि आवाज न बदलता पुढच्या अर्जदाराला हाक मारायला सांगितलं.

बाहेर ऊन होतं. बसच्या थांब्यावर दोघंच. नळीला आनंदाने ओरडावंसं वाटत होतं आणि ओरडवत नव्हतं. बाबा बाकाच्या टोकाला बसले होते.

‘चुकलं ना माझं?’ ते म्हणाले.

‘कुठे? झालं की काम.’

‘काम झालं गं. शब्द चुकला. माणसाला बंद पडली म्हणत नाहीत. गाडीला म्हणतात.’

‘हो,’ नळी म्हणाली. ‘माणसाला नाही म्हणत.’

‘मग काय म्हणतात?’

नळीने त्यांच्याकडे बघितलं. ते खरंच विचारत होते. ‘वारली म्हणतात बाबा. मेली म्हणतात.’

‘मेली,’ बाबा म्हणाले. थोडा वेळ ते तो शब्द जिभेवर घेऊन बसले. ‘तिने हाच घेतला असता. तुझी आई असलं काही पाळायची नाही. भट्टीसमोर उभी राहून, काचेची नळी फुटली की मोठ्याने म्हणायची, फुटली! आक्का आलेली असली की कानांवर हात ठेवायची. मी म्हणायचो, अगं हळू, काच ऐकते. तर म्हणायची, ऐकू दे, तिलाही कळू दे आपण फुटलो ते.’

नळीला हे नवीन होतं. आईचा आवाज कसा होता हेसुद्धा तिला आता आठवत नव्हतं. ती बाकावर सरकून बाबांजवळ आली.

‘दवाखान्यातही तसंच,’ बाबा बोलतच राहिले. ते रस्त्याकडे बघत होते. ‘मला म्हणाली, मी मरतेय, पोरीला बोलावून घ्या. सरळ तोंडावर म्हणाली. मी म्हटलं, असं बोलू नये. ती म्हणाली, बोलायचं काय राहिलंय, मरतेय मी, नळीला आणा. दोन दिवस तेच म्हणत होती. मी तिला गप्प करत होतो. तुला आणलं असतं तर ते खरं झालं असतं, असं वाटलं मला. म्हणून नाही आणलं.’

नळी उठून उभी राहिली. तिला आयुष्यात कधी आला नव्हता इतका राग आला. आई तिला मागत होती, नाव घेऊन मागत होती, आणि ती आत्याच्या अंगणात खेळत होती. एवढी वर्षं तिला वाटत होतं की आई न सांगताच निघून गेली. तिने बाबांकडे पाठ केली. समोरून बस येताना दिसली, थांब्याशी येऊन थांबली, दार उघडलं. कंडक्टरने दोघांकडे बघितलं, ‘यायचंय का?’ विचारलं. बस निघून गेली.

‘बाबा,’ नळी म्हणाली, पाठ तशीच ठेवून. ‘अजून काय म्हणाली ती?’

‘खूप काय काय. शेवटी शेवटी शिव्यापण दिल्या मला.’

नळी वळली आणि त्यांच्या शेजारी येऊन बसली. ‘सगळं सांगा,’ ती म्हणाली. ‘काही वगळू नका. आणि तिच्याच शब्दांत सांगा.’

बाबांनी घसा खाकरला आणि पहिल्या शिवीपासून सुरुवात केली.